डेटाबेसच्या वेगाचा जमाखर्च

ज्या पेढीचे दप्तर कागदावरून संगणकावर आले, तिला पहिल्या वर्षी आपला कारभार विलक्षण सुकर झाल्याचा प्रत्यय येतो. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आज्ञावली तीच, यंत्र तेच व कारकूनही तेच असताना, पूर्वी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडद्यावर उमटणारे खाते उमटण्यास अर्धा-अर्धा मिनिट लागू लागते. मग सर्वांच्या मुखी एकच वाक्य होते : ‘सिस्टिम स्लो झाली आहे.’ या तक्रारीवर मालकास सुचणारी पहिली तजवीज म्हणजे अधिक मोठे यंत्र खरेदी करणे ही होय. आणि पुष्कळदा असे होते की, ते मोठे यंत्र येते, सहा महिने बरे जातात, आणि पुन्हा तीच रड सुरू होते. याचे कारण असे की, संगणकाला अधिक त्वरेने काम करावयास लावणे हा वेग वाढविण्याचा मार्ग क्वचितच असतो. जे काम करण्याचे मुळी प्रयोजनच नव्हते ते त्याच्याकडून करवून न घेणे, आणि जे आज, आत्ता व सर्वांना ताटकळत ठेवून करण्याची निकड नव्हती ते पुढे ढकलणे, यांतच डेटाबेसच्या वेगाचे बहुतेक सारे रहस्य साठविलेले आहे.

हे विधान पारखून पाहण्यासाठी एक ऐतिहासिक उदाहरण फार उपयोगी पडते. १९७३ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने आपल्या १,००० शाखा, त्यांतील १०,००० रोखपाल आणि १ कोटी खाती एकाच संगणकीय यंत्रणेच्या कक्षेत आणण्याचे योजिले. गर्दीच्या वेळी सेकंदाला १०० व्यवहार पार पडावेत, अशी अपेक्षा होती. व्यवहार म्हणावा तर अगदी साधा : ग्राहकाच्या खात्यातील शिल्लक बदलावयाची, रोखपालाच्या हातच्या रोकडीचा आकडा बदलावयाचा, शाखेची एकूण रक्कम बदलावयाची, आणि घडल्या व्यवहाराची एक ओळ इतिहासाच्या नोंदवहीत अखेरीस जोडावयाची. पुढे १९८५ साली जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह, स्वतःचे नाव न घालता, ‘डेटामेशन’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला आणि हाच व्यवहार यंत्रणांचा वेग मोजण्याची कसोटी म्हणून पुढे मांडला. ‘डेबिट-क्रेडिट’ या नावाने ही कसोटी ओळखली जाऊ लागली. आणि १९८८ साली यंत्रनिर्मात्यांनी मिळून जी परिषद स्थापिली, तिने अशा कसोट्यांना रीतसर नियमावलीचे रूप दिले. यापुढील विवेचनात आपण वेळोवेळी या एक कोटी खात्यांच्या बँकेकडेच वळणार आहोत.

त्या कसोटीतील एक अट वरकरणी किरकोळ वाटते, पण तीत मोठे शहाणपण आहे. व्यवहारांची सरासरी अमुक वेळेत यावी असे तीत म्हटलेले नाही; शंभरांपैकी पंचाण्णव व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले पाहिजेत असे म्हटले आहे. समजा, नव्याण्णव व्यवहार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकले आणि शंभराव्याने तीस सेकंद घेतले, तर सरासरी अर्ध्या सेकंदाच्याही आतच राहते. व्यवस्थापकाच्या अहवालात सर्व क्षेमकुशल दिसते, आणि त्या शंभराव्या ग्राहकाचा संताप मात्र कोणत्याच रकान्यात उतरत नाही. म्हणून वेगाची चिकित्सा करू इच्छिणाऱ्याने प्रथम सरासरीचा मोह टाकावा आणि यंत्रणेचा वेळ नेमका कोठे खर्च होतो याची मोजदाद करावी. बहुतेक डेटाबेसांत मंद प्रश्नांची, म्हणजे रूढ भाषेत ‘स्लो क्वेरीं’ची, नोंद ठेवण्याची सोय असते, पण तीही डोळे उघडे ठेवून वाचावी लागते. दिवसातून एकदा चालणारा दोन मिनिटांचा अहवाल त्या यादीच्या शिरोभागी झळकतो, तर एक शतांश सेकंदात पुरा होणारा, पण तासाला एक लाख वेळा विचारला जाणारा प्रश्न त्या यादीत येतच नाही. वास्तविक पहिला दिवसाकाठी १२० सेकंद खातो, आणि दुसरा प्रत्येक तासाला १,००० सेकंद. दोषाची शहानिशा न करता खर्च केला म्हणजे काय होते हेही याच हिशेबातून कळते. दहा सेकंदांच्या कामात आठ सेकंद डिस्कची वाट पाहण्यात आणि दोन सेकंद गणन करण्यात जात असतील, तर दुप्पट वेगवान प्रोसेसर आणूनही दहाचे नऊच सेकंद होतात. जीन अ‍ॅमडाल याने १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादाचे सार हेच आहे की, ज्या भागास हात लावला नाही तो भाग सुधारणेला मर्यादा घालतो.

आता, डिस्कची वाट पाहण्यात एवढा काळ का जावा? १९५६ साली आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र सिद्ध केले, त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत, आणि हवी ती नोंद गाठण्यास सरासरीने सेकंदाचा सहादशांश भाग लागे. त्यानंतर साठवणुकीची क्षमता लक्षावधी पटींनी वाढली. परंतु चकतीला फिरावे लागते आणि वाचणाऱ्या दांडीला सरकावे लागते, हा जडसृष्टीचा निर्बंध काही सुटला नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या आजच्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात; हवी ती जागा खाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, आणि दांडी सरकण्यास आणखी तितकाच किंवा अधिक वेळ, असा हिशेब केला तर विखुरलेल्या ठिकाणच्या नोंदी वाचण्याची गती सेकंदाला शंभराच्या आसपासच अडकते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीने हे अंतर खूपच कमी केले, तरी तीतून एक नोंद आणण्यास साधारणपणे एक दशसहस्रांश सेकंद लागतो. आणि यंत्राच्या मेमरीतून तीच नोंद त्याच्याही हजाराव्या हिश्श्यात मिळते. म्हणून डेटाबेस आपल्या मेमरीतील एक मोठा प्रांत राखून ठेवतो आणि नित्य लागणारी पाने तेथेच बाळगतो. कोणते पान मेमरीत ठेवणे परवडते याचा आडाखा जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ साली तत्कालीन किमतींवरून बसविला : जे पान पाच मिनिटांच्या आत पुन्हा लागते ते मेमरीत ठेवणेच स्वस्त. किमती बदलल्या तसा आडाख्यातील आकडाही बदलत गेला. परंतु साठवणुकीचा निर्णय हा मूलतः अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, ही त्यामागची दृष्टी टिकून राहिली.

मेमरी कितीही वाढविली तरी, जे शोधावयाचे ते कोठे आहे याचा पत्ता नसेल, तर सारे दप्तर धुंडाळावे लागते. आपल्या बँकेतील एक कोटी खात्यांची प्रत्येक नोंद शंभर अक्षरांची धरली, तर ती वही एक अब्ज अक्षरांची होते. सत्तरीच्या दशकातील डिस्कमधून सेकंदाला दहा लाख अक्षरे वाचता येत असे मानले, तरी एका ग्राहकाची शिल्लक पाहण्यासाठी ती वही आरंभापासून शेवटापर्यंत चाळण्यास पाव तासाहून अधिक वेळ गेला असता. आणि आजची डिस्क दोनशे पटींनी वेगवान धरली तरी पाच सेकंद जातात. सेकंदाला शंभर ग्राहक दारी उभे असताना पाच सेकंद म्हणजे दिवाळे होय. आपल्याकडील जुन्या पेढ्यांना या अडचणीचे मर्म पूर्वीपासून ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या दोन वह्या ठेवीत : जसा व्यवहार घडेल तसा क्रमाने उतरविण्यासाठी रोजकीर्द, आणि त्याच नोंदी असामीवार लावून ठेवण्यासाठी खतावणी. कीर्दीत लिहिणे सोपे, पण एका असामीचे येणे शोधणे कष्टाचे. खतावणीत शोधणे सोपे, पण प्रत्येक रकमेसाठी पुन्हा लेखणी उचलावी लागते. डेटाबेसमधील इंडेक्स ही अशीच खतावणी आहे, आणि तिचे लाभ व तिचा भुर्दंड ही दोन्हीही खतावणीचीच आहेत.

इंडेक्सची जी रचना आज जवळजवळ प्रत्येक व्यापारी डेटाबेसमध्ये आढळते, ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट या दोघांनी १९७० साली सिएटल येथे बोईंग कंपनीच्या संशोधनशाळेत निर्माण केली. तिचे नाव बी-ट्री. तिचे कौशल्य असे की, तिचे प्रत्येक पान डिस्कवरून एकदम वाचता येईल एवढे असते आणि त्या एका पानात खालच्या शेकडो पानांचे निर्देश मावतात. एका पानात चारशे निर्देश मावतात असे धरले, तर पहिल्या पायरीवर ४००, दुसरीवर १ लाख ६० हजार, आणि तिसरीवर ६ कोटी ४० लाख नोंदी आवाक्यात येतात. म्हणजे एक कोटी खात्यांतून हवे ते खाते हुडकण्यास तीन पाने उलटली की झाले. आणि त्यांतील वरची पाने नित्य वापरामुळे मेमरीतच राहत असल्याने प्रत्यक्षात डिस्कवर एक-दोनदाच जावे लागते. खाती दसपट झाली, तरी पायऱ्यांत एकीचीच भर पडते. तीन-चार वर्षांत मंदावलेल्या ज्या यंत्रणेचा आरंभी उल्लेख केला, तिच्या व्याधीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते : पहिल्या वर्षी नोंदी मूठभर होत्या, म्हणून इंडेक्स नसल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही, आणि पुढे प्रत्येक प्रश्नागणिक सारी वही चाळण्याचा शिरस्ता तसाच चालू राहिला.

तथापि इंडेक्स केला म्हणजे तो उपयोगात येईलच असे नाही. शाखा आणि दिनांक या क्रमाने लावलेला इंडेक्स ‘अमुक शाखेतील अमुक दिवसाचे व्यवहार’ तत्काळ देतो. पण शाखा न सांगता केवळ दिनांक विचारला तर त्याचा उपयोग नाममात्रच होतो, कारण एकच दिनांक त्यात शाखेशाखेगणिक विखुरलेला असतो. त्याचप्रमाणे ‘ज्या दिनांकातून काढलेले वर्ष २०२४ आहे’ असा प्रश्न विचारला, तर दिनांकांच्या क्रमाने लावलेल्या इंडेक्सकडे यंत्रणा सामान्यतः पाहू शकत नाही आणि प्रत्येक नोंदीतून वर्ष काढीत बसते. तेच ‘१ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या अगोदरपर्यंत’ असे विचारले, तर नेमका तेवढाच पट्टा उघडला जातो. दोन प्रश्नांचा अर्थ एक, उत्तर एक, आणि श्रमांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. उलटपक्षी, इंडेक्सचे माहात्म्य कळल्यावर प्रत्येक रकान्यावर एकेक इंडेक्स चढविण्याचा जो उत्साह येतो तोही तितकाच घातक ठरतो. एका वहीवर दहा इंडेक्स असतील, तर एक नवी नोंद घालताना एकूण अकरा ठिकाणी लिहावे लागते. वाचन ज्याने वेगवान झाले त्यानेच लेखन मंद केले, असा हा व्यवहार आहे. वर्षभरात ज्याचा एकदाही उपयोग झाला नाही असा इंडेक्स काढून टाकणे ही गोष्ट नवा इंडेक्स घालण्याइतकीच पुण्यप्रद आहे.

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो : इतके इंडेक्स, इतक्या वह्या, तर कोणत्या वाटेने जावयाचे हे ठरवितो कोण? १९७० पूर्वी हे ठरविण्याचा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर असे. कोणत्या नोंदीतून कोणत्या नोंदीकडे जावयाचे याचा सारा नकाशा त्याला मुखोद्गत ठेवावा लागे. त्या वर्षी एडगर कॉड या आयबीएमच्या गणितज्ञाने असे प्रतिपादन केले की, माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने मांडावी, विचारणाऱ्याने काय हवे तेवढे सांगावे, आणि ते कसे मिळवावयाचे याची विवंचना यंत्रणेने करावी. नोंदीनोंदींतून वाट काढण्याच्या पद्धतीचे अध्वर्यू चार्ल्स बाकमन आणि कॉड यांचा १९७४ साली अ‍ॅन आर्बर येथे जाहीर वाद झाला. कॉडच्या पक्षावरील मुख्य आक्षेप हाच होता की, ही पद्धत डौलदार असेल, पण कसलेल्या माणसाने आखलेल्या वाटेइतकी जलद ती यंत्राला कधीच सापडणार नाही. या आक्षेपाला निबंधाने नव्हे तर कृतीने उत्तर देणे प्राप्त होते. आणि ते उत्तर आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात मिळाले. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, निरनिराळ्या वाटांचा अंदाजी खर्च काढून त्यांतील स्वस्तात स्वस्त वाट यंत्रणेने स्वतःच कशी निवडावी, याची पद्धत घालून दिली. दहा तक्ते जोडावयाचे तर नुसते क्रमच ३६,२८,८०० होतात. ते सगळे न तपासता लहान जोडण्यांच्या उत्तम वाटा लक्षात ठेवून त्यांवरून मोठ्या जोडणीची वाट रचावी, ही त्यांची युक्ती अद्यापि बहुतेक डेटाबेसांच्या पोटात वास करून आहे.

ही निवड करणारा भाग ‘ऑप्टिमायझर’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याचे सारे चातुर्य अंदाजावर उभे असते. कोणत्या वहीत किती नोंदी आहेत, एखाद्या रकान्यात किती निरनिराळी मूल्ये आढळतात, त्यांची विभागणी सम आहे की विषम, याची आकडेवारी तो बाळगतो. आणि आकडेवारी नसली म्हणजे ठोकताळ्यावर चालतो. सेलिंजर यांच्या मूळ निबंधात, काहीच माहिती नसता ‘अमुक बरोबर अमुक’ ही अट दहांतील एका नोंदीला लागू पडेल असे समजावे, असा स्पष्ट संकेत आहे. आता, दहा हजार नोंदींच्या काळात घेतलेली आकडेवारी एक कोटी नोंदींच्या काळात तशीच राहिली, तर ऑप्टिमायझर जुन्या नकाशावरून नव्या शहरात वाट काढू पाहतो आणि पुष्कळदा भलत्याच गल्लीत शिरतो. एका रात्रीत कोणीही काहीही न बदलता एखादा अहवाल दोन सेकंदांवरून दोन तासांवर गेल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांतील अनेकींचे मूळ शिळी आकडेवारी हेच असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जयंत हरित्सा व त्यांचे विद्यार्थी यांनी २००५ साली, अटींतील मूल्ये किंचित बदलताच ऑप्टिमायझर आपली निवड कशी पालटतो याची रंगीत चित्रे काढून दाखविली; त्या चित्रांतील गुंतागुंतीच्या सीमारेषा पाहिल्या म्हणजे व्यापारी डेटाबेसांतील या भागाचा निर्णय किती नाजूक पायावर उभा असतो याची कल्पना येते. म्हणून मंद प्रश्न हाती आला की, यंत्रणेने निवडलेली वाट, अर्थात तिचा ‘प्लॅन’, मागवावा; तिने किती नोंदी येतील असे मानले आणि प्रत्यक्षात किती आल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवावे; आणि जेथे ते शंभर पटींनी विसंगत दिसतील तेथे आपला शोध केंद्रित करावा.

डेटाबेस निर्दोष असूनही कारभार मंद असण्याचा एक प्रकार आहे, आणि त्यात दोष असतो प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलीचा. एका शाखेतील दहा हजार ग्राहकांची यादी एका प्रश्नाने मागवावयाची, आणि मग त्यांतील प्रत्येकाच्या शिल्लकेसाठी एकेक असे आणखी दहा हजार प्रश्न विचारावयाचे, ही रीत लिहिणाऱ्यास सोयीची असते. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर डेटाबेस निमिषात देतो. पण प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास संगणकांच्या जाळ्यावरून एक मिलिसेकंद लागत असेल, तर नुसत्या येरझाऱ्यांचेच दहा सेकंद होतात. तेच सारे एका प्रश्नात विचारले तर येरझार एकच. हा दोष माणसाने शोधून दुरुस्त करण्याऐवजी यंत्रानेच आज्ञावली वाचून तो दूर करावा, या दिशेने मुंबईत पवई येथील आयआयटीमध्ये महत्त्वाचे काम झाले आहे. रवींद्र गुरवन्नवर आणि एस. सुदर्शन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आवर्तनात सुटेसुटे विचारलेले प्रश्न एका जुडग्यात बांधून विचारता यावेत म्हणून आज्ञावलीचे आपोआप रूपांतर करण्याचे नियम दिलेले आहेत. हेच सुदर्शन, सिल्बरशाट्झ व कोर्थ यांच्या समवेत लिहिलेल्या डेटाबेसविषयक पाठ्यपुस्तकामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत.

येथवर आपण एका वेळी एकच व्यवहार चालू आहे असे गृहीत धरले; पण खरी कठीण परीक्षा अनेकांच्या एकत्र येण्यात असते. दोघांनी एकाच वेळी एकच शिल्लक बदलली तर एकाचा बदल लुप्त होईल, म्हणून डेटाबेस बदलावयाच्या नोंदीवर लॉक लावतो आणि व्यवहार पुरा होईपर्यंत इतरांस थांबवितो. आपल्या बँकेत सेकंदाला शंभर व्यवहार एक हजार शाखांत वाटले जातात, म्हणजे एका शाखेच्या नोंदीला सरासरीने दहा सेकंदांतून एकदा हात लागतो. तेथे अडचण नाही. पण कोणा अधिकाऱ्याच्या मनात आले की, संपूर्ण बँकेची एकूण रोकड एका नोंदीत क्षणोक्षणी दिसावी, आणि प्रत्येक व्यवहाराने ती नोंद बदलावी असे ठरले, तर काय होते पाहा. व्यवहारास वीस मिलिसेकंद लागत असतील आणि तेवढा काळ त्या एका नोंदीवर लॉक राहत असेल, तर सेकंदाला पन्नासच व्यवहार त्या दारातून जाऊ शकतात. मग यंत्र दहा लाखांचे असो वा दहा कोटींचे. पैशाने न सुटणारी अशी ही कोंडी रचनेनेच सोडवावी लागते : ती एकूण रक्कम लागेल तेव्हा शाखांच्या रकमांवरून काढावी, किंवा ती निरनिराळ्या तुकड्यांत ठेवावी, आणि तेही शक्य नसेल तर व्यवहारातील सर्वांत अखेरच्या पायरीस तिला हात लावावा, म्हणजे लॉकचा अवधी तरी आखूड होतो. दोन खात्यांतील रकमेची अदलाबदल करणारे दोन व्यवहार परस्परांच्या हातातील नोंदीची वाट पाहत कायमचे खोळंबण्याचा जो प्रसंग येतो, त्यावरही उपाय शिस्तीचाच आहे : सर्वांनी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक मागावे. आणि नोंद उघडून, तिच्यावर लॉक ठेवून, कारकुनाने चहाला जावे अशी सोय तर आज्ञावलीत असताच कामा नये.

गर्दीचा आणखी एक नियम आहे, जो व्यवस्थापकांस सहसा सांगितला जात नाही. कोपनहेगन येथे टेलिफोनच्या वाहतुकीचा विचार करताना ए. के. अर्लांग याने १९०९ साली रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्या शास्त्रातील सर्वांत साध्या प्रतिमानानुसार, यंत्रणा निम्मी गुंतलेली असेल तर कामास मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्के गुंतली असता पाचपट, ९० टक्क्यांवर दहापट, आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणजे ९० वरून ९५ टक्क्यांवर नेणाऱ्या पाच टक्क्यांच्या भाराने लागणारा वेळ दुप्पट होतो. ‘यंत्र अजून दहा टक्के रिकामे आहे’ असे समाधान मानणाऱ्या कार्यालयात महिनाअखेरीस हाहाकार का उडतो, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. याच्याच जोडीने हेही ध्यानात ठेवावे की, डेटाबेसच्या दाराशी एकाच वेळी हजार जोडण्या (‘कनेक्शन’) उघडून ठेवण्यापेक्षा थोड्याच जोडण्या ठेवून बाकीच्यांस बाहेर शांतपणे रांगेत उभे करणे अनेकदा हिताचे ठरते. कारण आत घुसलेली गर्दी रांग तर लावतेच, शिवाय मेमरी आणि लॉक अडवून कामातही व्यत्यय आणते.

वेगाच्या मार्गात एक खर्च मात्र असा आहे की, तो टाळणे म्हणजे पेढीच्या पतीशीच खेळ होय. व्यवहार पुरा झाला असे ग्राहकास सांगितल्यानंतर वीज गेली तरी तो व्यवहार नाहीसा होता कामा नये. म्हणून प्रत्येक बदल मूळ पानावर जाण्यापूर्वी एका क्रमवार ‘लॉग’मध्ये उतरवून डिस्कवर पक्का करावा लागतो. या पद्धतीस आणि अपघातानंतर लॉग वाचून दप्तर पूर्ववत करण्याच्या रीतीस, आयआयटी मद्रासचे स्नातक आणि आयबीएममधील तत्कालीन संशोधक सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली ‘एरीज’ या नावाने जे सर्वांगपूर्ण स्वरूप दिले, ते नंतरच्या अनेक डेटाबेसांस आदर्शवत ठरले. यात वेगाचाही एक लाभ अंतर्भूत आहे, कारण विखुरलेली पाने सावकाश लिहिता येतात आणि तातडीचे लेखन एकाच जागी सलग होते. तरीही प्रत्येक व्यवहाराने फिरत्या डिस्कच्या एका फेऱ्याची वाट पाहिली, तर सेकंदाला १२० व्यवहारांपलीकडे जाता येत नाही. म्हणून काही क्षण थांबून दहा-वीस व्यवहारांच्या नोंदी एकाच लेखनात पक्क्या करण्याची युक्ती निघाली, आणि एकट्याचा किंचित विलंब पत्करून सर्वांचा वेग वाढला. परंतु याच ठिकाणी, लॉग पक्का होण्याची वाट न पाहता ‘झाले’ असे सांगून मोकळे होण्याची सोयही अनेक डेटाबेसांत असते, आणि ती चालू केल्याबरोबर वेग पाहून डोळे दिपतात. संकेतस्थळावर कोणी कोणते पान पाहिले याच्या नोंदीसाठी ती सोय वापरण्यास हरकत नाही. ठेवीदाराच्या पैशासाठी मात्र हा वेग उसना आहे, आणि त्याची परतफेड सर्वांत वाईट दिवशी करावी लागते.

अखेरचा प्रकार अहवालांचा. दिवसभर एकेक नोंद बदलणारा रोखपाल आणि वर्षाची गोळाबेरीज मागणारा व्यवस्थापक या दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत; एकास थोड्या नोंदी संपूर्ण हव्यात, दुसऱ्यास सर्व नोंदींतील थोडे रकाने हवेत. शंभर रकान्यांच्या वहीतून तीनच रकाने हवे असता आडव्या ओळींनी साठविलेल्या दप्तरातून शंभरही रकाने उचलावे लागतात. म्हणून एकेक रकाना स्वतंत्र साठविण्याची पद्धत अहवालांसाठी पुढे आली; अ‍ॅमस्टरडॅम येथील संशोधकांनी तीवर दीर्घकाळ काम केले, आणि मायकल स्टोनब्रेकर व सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या ‘सी-स्टोअर’ या निबंधानंतर तिला व्यापारी जगात मोठी चालना मिळाली. एका रकान्यात एकाच जातीची मूल्ये असल्याने ती दाबून लहान जागेत बसविता येतात, हा तिचा दुसरा गुण. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी अहवालांसाठी दप्तराची एक वेगळी प्रत ठेवावी, अथवा रात्री बेरजा करून ठेवून दिवसा त्याच दाखवाव्या.

आणि येथे आपण अशा प्रश्नाशी येऊन पोहोचतो की, ज्याचे उत्तर कोणत्याही डेटाबेसतज्ज्ञाजवळ नसते. व्यवस्थापकास दिसणारी एकूण रोकड या क्षणाची हवी, की काल रात्रीची चालेल? दहा वर्षांपूर्वीचे व्यवहार नित्याच्या वहीत हवेत, की जुन्या दप्तरात वेगळे काढले तर चालतील? ग्राहकाला शंभर पानांची यादी खरोखर हवी आहे, की तो पहिल्या वीस ओळी पाहून उठतो? इंडेक्स कोठे घालावा, लॉक केव्हा सोडावा, आकडेवारी कधी ताजी करावी, ही सारी तंत्रज्ञाची अखत्यारी. पण कोणते काम मुळी न केले तरी चालेल हे पेढीचा धंदा जाणणाराच सांगू शकतो. प्रत्यक्षात असे आढळते की, या प्रश्नांची उत्तरे कोणी विचारलेलीच नसतात. यंत्रणा उभारणाऱ्याने सर्व काही ताजे, सर्व काही संपूर्ण व सर्व काही तत्काळ असावे असे परस्पर गृहीत धरलेले असते, आणि त्या गृहीताचे मोल पेढी वर्षानुवर्षे यंत्रांच्या खरेदीत मोजत राहते. तेव्हा नव्या यंत्राच्या मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी मालकाने तंत्रज्ञास आणि हिशेबनिसास एका मेजाशी बसवून, सर्वांत जास्त वेळ खाणारी दहा कामे कागदावर मांडावयास लावावी आणि प्रत्येकापुढे ‘हे कशासाठी?’ असे विचारावे. त्या दहांपैकी ज्या कामांचे प्रयोजन कोणासच सांगता येणार नाही, ती बंद करण्यास एक पैसाही लागत नाही; आणि यंत्र घ्यावे की नाही हे त्यानंतर उरलेल्या कामांवरून ठरवावे.